बंदुकीवरील दुर्बीण

साध्या बंदुकीने नेम धरणाऱ्या शिकाऱ्याच्या डोळ्याला एकाच वेळी तीन ठिकाणी पाहावे लागते. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूर उभे असलेले सावज, ही तिन्ही एका रेषेत आणावयाची असतात. पण मानवी डोळ्याची घडणच अशी आहे की, जवळचे स्पष्ट झाले म्हणजे दूरचे पुसट होते आणि दूरचे स्पष्ट झाले म्हणजे जवळचे विरघळून जाते. पन्नास पावलांवर हा दोष फारसा जाणवत नाही. दोनशे पावलांवर मात्र ती इवलीशी माशीच काळविटाची छाती जवळजवळ झाकून टाकते, आणि शिकारी चाळिशी उलटलेला असेल तर खाच आणि माशी या दोहोंचेही त्याला नुसते धुके दिसते.

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याचे मुख्य प्रयोजन हा दोष दूर करणे हे होय. दुर्बिणीत नेमाची खूण आणि सावज एकाच पातळीवर येतात. डोळ्याला एकच चित्र पाहावयाचे राहते. सावज मोठे दिसते, हा त्यानंतरचा लाभ. पण बहुतेकांनी हा दुसरा लाभच पहिला मानला, आणि दुर्बीण निवडताना आजही पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती पटीची?' हाच. या एका गैरसमजापायी किती जनावरे जखमी होऊन रानात मेली असतील, याची मोजदाद कोणीही ठेवलेली नाही.

दुर्बीण १६०८ साली हॉलंडमधील हान्स लिपरहे या चष्मे करणाऱ्या कारागिराने पेटंटासाठी मांडली आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओने ती आकाशाकडे वळविली. परंतु त्या दुर्बिणीचा बंदुकीला काही उपयोग नव्हता. तिचे डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल असे, त्यामुळे नळीच्या आत कोठेही खरी प्रतिमा उतरत नसे; आणि जेथे प्रतिमा नाही तेथे नेमाची खूण ठेवणार तरी कोठे? केप्लरने १६११ साली दोन बहिर्गोल भिंगांची रचना सुचविली. तिच्यात चित्र उलटे दिसते खरे, पण ते नळीच्या आत एका ठरावीक जागी उतरते. पुढे आणखी भिंगे घालून ते सुलटे करून घेता आले.

या ठरावीक जागेचे महत्त्व प्रथम ओळखले ते इंग्लंडातील लीड्सजवळ राहणाऱ्या विल्यम गॅस्कॉइन या तरुण खगोलप्रेमी गृहस्थाने, आणि तेही एका कोळ्याच्या कृपेने. १६४० च्या सुमारास उघड्या राहिलेल्या त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ताणला. तो नेमका प्रतिमा उतरते त्या जागी पडला. गॅस्कॉइनने डोळा लावला तो धागा आणि पलीकडचे दृश्य ही दोन्ही सारखीच स्पष्ट! दुसरा कोणी असता तर त्याने फडक्याने नळी पुसून टाकली असती. गॅस्कॉइनने त्यातून नेमाची फुली आणि सूक्ष्म अंतरे मोजण्याचे साधन निर्माण केले. १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना तो मारला गेला. तेव्हा त्याचे वय तीस-बत्तीसच्या घरात होते. त्याची ही कल्पना मात्र टिकली. पुढे जमीन मोजणाऱ्यांच्या थिओडोलाइट यंत्रांत कोळ्याच्याच धाग्याची फुली दीर्घकाळ वापरात राहिली. बंदुकीकडे ही फुली आली ती या मोजणीदारांच्या जगातून, आणि मोजणी करणाराची शिस्त मात्र बंदुकीने पुष्कळ काळ उचलली नाही.

मधली दोनशे वर्षे दुर्बीण आणि बंदूक एकमेकींपासून दूर राहिल्या, याला कारण होते. साध्या ठासणीच्या बंदुकीची गोळी शंभर पावलांपलीकडे कोठे जाईल याचा भरवसा नव्हता. तेथे नेम सूक्ष्म करून उपयोग काय? नळीत चरे पाडलेल्या रायफली सुधारल्या, तेव्हाच डोळा अपुरा पडू लागला. शिवाय जुन्या भिंगांतून पाहिले की प्रत्येक वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसे. जॉन डॉलंड याने १७५८ साली दोन जातींच्या काचा एकत्र जोडून ही झालर घालविण्याचे पेटंट घेतले, आणि मगच लहान नळीतून स्वच्छ चित्र दिसणे शक्य झाले.

पहिली उपयोगी बंदुकीची दुर्बीण अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तयार झाली. जॉन चॅपमन हा पेशाने स्थापत्य अभियंता होता. त्याच्या कल्पनेवरून युटिका गावचा बंदूक-कारागीर मॉर्गन जेम्स याने दुर्बिणी घडविल्या, आणि चॅपमनने १८४८ साली त्यांवर पुस्तक लिहिले. १८५५ पासून सिराक्यूजच्या विल्यम माल्कम याने रंगदोषरहित भिंगे वापरून त्या सुधारल्या. या दुर्बिणी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतक्याच लांब आणि अंगठ्याएवढ्या जाड असत. नेम वरखाली करावयाचा तर आख्खी नळीच उचलावी लागे.

याच काळात मुंबई इलाख्याच्या सैन्यातील डेव्हिड डेव्हिडसन या अधिकाऱ्याचे नाव या इतिहासात येते. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेल्या या स्कॉटिश गृहस्थाच्या आठवणी १८९० साली एडिंबरोत प्रसिद्ध झाल्या. त्याने तयार केलेली दुर्बीण रायफलीच्या डाव्या बाजूस बसविली जाई. दख्खनचा माळ ज्याने पाहिला आहे त्याला अशा साधनाची ओढ येथे कशी लागावी हे सांगावे लागत नाही. सोलापूर-अहमदनगरकडच्या उघड्या माळावर झाड नाही, झुडूप नाही. काळविटांचा कळप माणसाला पाऊण मैलावरून पाहतो आणि जवळ येऊ देत नाही. तेथे शिकाऱ्यापुढे दोनच मार्ग असतात. एक तर बैलगाडीच्या आडोशाने वळसे घेत जवळ जावे, नाही तर दुरूनच गोळी टाकावी.

मध्य हिंदुस्थानच्या रानात मात्र गोष्ट वेगळी होती. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने सातपुड्याच्या रानांत हिंडून १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, रानात सावज दिसते ते थोड्या अंतरावर आणि क्षणभर. तेव्हा अंतर मोजत बसण्यापेक्षा मोठ्या नळीतून भरपूर दारूने वाटोळी गोळी अशी सोडावी की दीडशे यार्डांपर्यंत ती फारशी खाली उतरूच नये. अंतराचा अंदाज हाच नेमातला सर्वांत कच्चा दुवा आहे, हे त्याने ओळखले होते. त्याचा उपाय आज जुनाट वाटेल, पण त्याचे निदान अचूक होते. मचाणावरून किंवा हाका घालून होणाऱ्या शिकारीत दुर्बिणीला या देशात कधीच मोठे स्थान मिळाले नाही, ते याच कारणाने.

डेव्हिडसनची दुर्बीण इंग्लंडातील जोसेफ व्हिटवर्थ याच्या षट्कोनी नळीच्या रायफलीवर चढून अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या हाती गेली. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनिया येथे उत्तरेचा जनरल जॉन सेजविक आपल्या भेदरलेल्या सैनिकांची थट्टा करीत होता. एवढ्या लांबून शत्रूला हत्तीदेखील टिपता यावयाचा नाही, अशा आशयाचे त्याचे उद्गार सर्वश्रुत आहेत. थोड्याच वेळात डोळ्याखाली गोळी लागून तो कोसळला. ती गोळी व्हिटवर्थ रायफलीची होती असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही गोष्ट दूरच्या नेमाची महती म्हणून दीडशे वर्षे सांगितली जात आहे. त्या दिवशी जनरलच्या आसपास ज्या अनेक गोळ्या वाया गेल्या, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही; आणि शिकारीत वाया गेलेली गोळी ही नेहमीच वाया जात नाही, ती पुष्कळदा जनावराच्या पोटात किंवा पायात जाते.

दुर्बिणीला खऱ्या अर्थाने शिकारी साधन बनविले ते ऑस्ट्रिया आणि जर्मनी या देशांनी. ऑस्ट्रियातील स्ट्रॉन्सडॉर्फचा वनाधिकारी ऑगस्ट फिडलर याने १८८० साली रायफलीवर बसणारी आटोपशीर दुर्बीण तयार केली. कार्ल काल्स याचा व्हिएन्नातील कारखाना १८९८ साली सुरू झाला. १९०० नंतर येनाच्या झाइस कारखान्यानेही या कामात लक्ष घातले. तेथील शिकारी रानाच्या कडेला उंच मचाणावर बसतो आणि रानडुक्कर किंवा हरिण बाहेर येते ते दिवस मावळल्यावर. त्यामुळे तेथे प्रश्न लांबीचा नव्हता, उजेडाचा होता.

येथे थोडा हिशेब करणे भाग आहे. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास तिच्या पटीने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० मिलिमीटरचे भिंग आणि ४ पट असेल तर झोत १० मिलिमीटरचा. त्याच भिंगाला १० पट दिली तर तो ४ मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वयाबरोबर ती ५ च्या आसपास येते. म्हणजे संध्याकाळी पट वाढविणारा शिकारी स्वतःच्याच डोळ्यावरचा उजेड कमी करीत असतो. जर्मन कारागिरांनी हे ओळखून बारीक धाग्याऐवजी जाड दांड्यांची खूण घातली. काळोखात धागा नाहीसा होतो, दांडी दिसते. त्यांच्या दुर्बिणी चार पटीच्या आसपास राहिल्या, हा त्यांचा अडाणीपणा नव्हता.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन शिकाऱ्यांच्या याच दुर्बिणी खंदकांत पोहोचल्या आणि इंग्रजांची त्रेधा उडाली. इंग्रज सैन्यानेही घाईघाईने दुर्बिणी जमविल्या. हेस्केथ-प्रिचर्ड या नामांकित शिकाऱ्याने आघाडीवर जाऊन त्या रायफली तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य भलतीकडेच गोळी टाकीत असल्याचे त्याला आढळले. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात ही हकीकत आली आहे. भिंगे उत्तम होती. दोष बैठकीत आणि हाताळणाऱ्याच्या अज्ञानात होता. दुर्बीण रायफलीवर दोन कड्यांत बसते. त्या कड्यांमध्ये सहा इंच अंतर धरले आणि त्यांतील एक कडे केसभर, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, सरकले, तर शंभर यार्डांवर गोळी सहा इंच चुकते आणि पाचशे यार्डांवर अडीच फूट. दुर्बिणीवर सढळ हाताने खर्च करून तिच्या कड्यांत काटकसर करणारे शिकारी तेव्हाही होते आणि आजही आहेत.

युद्धानंतर हे साधन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले ते अमेरिकेच्या विल्यम वीव्हर याने. ऐन मंदीच्या १९३० साली त्याने आपली पहिली दुर्बीण बैठकीसह १९ डॉलरला विकावयास काढली. पण स्वस्त असो वा महाग, त्या काळच्या सर्व दुर्बिणींचे दोन शत्रू होते. एक पाणी आणि दुसरा काचेवरून परतणारा प्रकाश.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर आलेल्या उजेडापैकी एक तृतीयांश वाटेतच गळतो, आणि आत इकडेतिकडे उडून चित्र दुधाळ करतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली काचेवर अतिसूक्ष्म लेप चढवून ही गळती एका टक्क्याच्या आसपास आणली. युद्धकाळात जर्मनीने ही युक्ती लष्करी गुपित म्हणून जपली. युद्धानंतर ती शिकाऱ्यांच्या दुर्बिणीत आली, आणि आज अनेक पदरी लेपांनी ती गळती आणखी कमी केली आहे. शिकाऱ्याला पहाटे आणि तिन्हीसांजेस मिळालेली जास्तीची पंधरा-वीस मिनिटे ही या लेपाची देणगी आहे.

पाण्याची गोष्ट याहून घरगुती आहे. ऑरेगनमधील मार्कस ल्यूपोल्ड हा मोजणीची यंत्रे बनविणाऱ्या घराण्यातला. एकदा हरणावर नेम धरला असताना त्याच्या दुर्बिणीत आतून वाफ धरली आणि हरिण निघून गेले. याहून बरी दुर्बीण आपण स्वतः बनवू, असे रागाने म्हणून त्याने १९४७ साली आपली पहिली दुर्बीण बाजारात आणली, आणि नळीतली दमट हवा काढून तीत कोरडा नायट्रोजन भरण्याची पद्धत रूढ केली. याच कारखान्याने १९६२ साली कडेला जाड आणि मध्याशी बारीक अशी फुली प्रचारात आणली. जर्मन दांडी आणि कोळ्याचा धागा यांचा तो मिलाफ होता, आणि अंधार व सूक्ष्मता या दोन्ही गरजा तीत भागल्या.

येथपर्यंत दुर्बिणीने डोळ्याचे काम बिनचूक केले. पण गोळी दुर्बिणीतून जात नाही, ती हवेतून जाते. १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले आणि पुढे जगभर शिकारीत रुळलेले थर्टी-ओ-सिक्स काडतूस उदाहरणादाखल घ्यावे. त्याच्या १८० ग्रेनच्या गोळीचा नेम दोनशे यार्डांवर बसविला, तर तीनशे यार्डांवर ती आठ-नऊ इंच खाली जाते, चारशेवर सुमारे दोन फूट, पाचशेवर सुमारे चार फूट. म्हणजे साडेचारशे आणि पाचशे या दोन अंतरांतच एक फुटाचा फरक पडतो. हरणाच्या छातीचा मर्मभाग आठ-दहा इंचांचा असतो. पन्नास यार्डांचा अंदाज चुकला की गोळी एक तर वरून जाते, नाही तर पायावर बसते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्याच अंतरावर तिला दीड फुटाहून अधिक ढकलतो. आणि वारा शिकाऱ्याच्या कानाशी एक, दरीत दुसरा आणि समोरच्या उतारावर तिसराच असू शकतो. गोळीला पोहोचावयास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात चरणारे जनावर एक पाऊल पुढे टाकते. या पावलावर कोणत्याही भिंगाचा इलाज नाही.

दूरच्या शिकारीसाठी दुर्बीण निवडताना म्हणूनच पटीपेक्षा इतर गोष्टींचा विचार अगोदर करावा लागतो. नेम वरखाली करणाऱ्या चकत्या फिरवल्या तेवढ्याच सरकतात काय, आणि परत फिरवल्यावर मूळ जागी येतात काय, ही पहिली कसोटी. अनेक नव्या दुर्बिणींत एका टिचकीला शंभर मीटरवर एक सेंटिमीटर सरकते. पन्नास टिचक्या पुढे आणि पन्नास मागे करून गोळी त्याच भोकात पडली नाही तर त्या काचेची चमक व्यर्थ होय. पट बदलणाऱ्या दुर्बिणीत खुणांची फुली पुढच्या प्रतिमेच्या पातळीवर असेल तर ती चित्राबरोबर लहानमोठी होते आणि तिच्यावरची मापे सर्व पटींवर खरी राहतात. मागच्या पातळीवर असेल तर ती मापे एकाच पटीवर खरी असतात. हे ठाऊक नसलेला माणूस गडबडीच्या क्षणी हमखास फसतो. तिसरी गोष्ट डोळा किंचित हलला असता खूण सावजावरून सरकते काय ही; लांबच्या अंतरासाठी हा दोष घालविणारी चकती वेगळी असावी लागते.

पट यानंतर येते. चार पटीच्या दुर्बिणीत शंभर यार्डांवर सुमारे तीस फूट रुंदीचा देखावा मावतो, दहा पटीत दहा-बारा फुटांचा. शिवाय पट वाढली की हाताचा कंप आणि उन्हातली हवेची थरथर हीदेखील वाढते. अमेरिकेच्या पर्वतांत रानमेंढ्यांची शिकार करणारा प्रसिद्ध लेखक जॅक ओकॉनर याची भिस्त चार पटीच्या साध्या दुर्बिणीवर होती. आज पंचवीस पटीच्या दुर्बिणी सर्रास मिळतात. त्यांचे चित्र इतके जवळचे असते की, पाहणाऱ्याला सावज खरोखरीच जवळ आल्याचा भास होतो.

अंतराचा कच्चा दुवा पक्का झाला तो १९९० नंतरच्या दशकात, हातात मावणारी लेसरची अंतरमापके शिकाऱ्यांना मिळू लागली तेव्हा. फॉर्सिथने ज्या अंदाजाला भिऊन वाटोळी गोळी पसंत केली होती, तो अंदाजच उरला नाही. परिणाम मात्र असा झाला की, पूर्वी तीनशे यार्डांवर थांबणारा शिकारी आठशेवर चाप ओढू लागला. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने या प्रकाराबद्दल उघड नापसंती दर्शविली आहे. जनावराला माणसाची चाहूलही लागणे शक्य नसेल तर ती शिकार नव्हे, असा तिचा रोख आहे. याच्या उलट स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील रीत पाहण्यासारखी आहे. तेथले वाटाडे लांब दुर्बीण पाठीवर वागवतात, मैलभरावरून सांबराच्या जातीचा नर हेरतात, आणि मग ओल्या गवतातून पोटावर सरपटत दीडशे यार्डांच्या आत जातात. दुर्बीण त्यांनी पाहण्यासाठी वापरली आणि जवळ जाण्याचे कष्ट स्वतःच्या अंगावर घेतले. १९०० साली याच लोकांतून लोव्हाट स्काउट्स ही पलटण उभी राहिली, आणि हेस्केथ-प्रिचर्डने तिच्या टेहळ्यांची मुक्तकंठाने स्तुती केली.

भारतात हा वाद कायद्याने मिटविला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. काळवीट आज त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील रेहेकुरीच्या अभयारण्यात त्याच माळावर लोक त्याला डोळ्याच्या दुर्बिणीतून पाहतात. बंदुकीवरची दुर्बीण येथे नेमबाजीच्या मैदानावर राहिली, आणि आणखी एका ठिकाणी. उसाच्या फडात किंवा विहिरीच्या काठी अडकलेल्या बिबट्याला बेशुद्ध करावयाचे असते तेव्हा वन विभागाचा पशुवैद्य भुलीची सुई सोडणारी बंदूक उचलतो. तिच्यावर लहान पटीची दुर्बीण असते आणि अंतर वीस-तीस मीटरचे. अंतर कमी धरले तर सुई वाटेतच पडते, जास्त धरले तर ती इतक्या जोराने बसते की मांस फाडते किंवा हाड मोडते. म्हणून तो प्रथम अंतर मोजतो, त्याप्रमाणे दाब ठरवतो, जनावराच्या मांडीचा जाड भाग फुलीखाली येईपर्यंत वाट पाहतो, आणि मग चाप ओढतो.